मोडेम-राउटर भाड्यानं घ्यावा की विकत? घरी नेट घेणाऱ्यांसाठी एकेक पायरी

घरी पहिल्यांदा नेट घेतलं तेव्हा वायर ओढायला आलेल्या मुलानं भिंतीवर एक पांढरा डबा ठोकला, दिवे लागले, मोबाइलवर वायफाय दिसलं, मी अर्जावर सही केली आणि विषय संपला. त्या अर्जात ‘उपकरण भाडे’ अशी एक ओळ होती. ती मी नीट वाचली चार वर्षांनी, घर बदलताना. तोवर डब्याच्या किमतीच्या जवळजवळ तिप्पट पैसे भाड्यापोटी गेले होते आणि डबा तरीही कंपनीचाच होता. परत करायला गेलो तर मूळ अडॅप्टर सापडेना, त्याचे पैसे अनामत रकमेतून कापले गेले. मग पुढच्या घरासाठी मी चांगला, महागातला मोडेम विकत आणला. तो टेलिफोनच्या तारेवर चालणारा निघाला आणि नव्या घरात फायबर आलं होतं.

दोन्ही वेळा नुकसान झालं ते एकाच कारणानं. घरातल्या नेटच्या सामानात कोणती वस्तू काय काम करते, हे मला माहीत नव्हतं. भाडं की खरेदी हा प्रश्न पैशांचा वाटतो, पण पैशांचा हिशेब तिसऱ्या पायरीवर येतो. आधी डबे ओळखायचे. माझं मत आत्ताच सांगतो: लाइनीकडचा डबा शक्यतो कंपनीचा असू द्या, वायफाय देणारा राउटर स्वतःचा घ्या. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

सुरुवात करण्याआधी एवढं जमवून ठेवा

- कनेक्शनच्या कराराची किंवा अर्जाची प्रत आणि मागची तीन बिलं
- अनामत भरल्याची पावती
- घरातल्या प्रत्येक डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलचा फोटो. मॉडेल, सिरीयल नंबर आणि मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवर डब्याची ओळख पटवणारा क्रमांक) स्पष्ट वाचता आला पाहिजे
- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. डबा बदलताना किंवा परत करताना मागतात
- एक लॅन केबल (लॅपटॉप राउटरला जोडायची वायर), ‘कॅट ५ई’ किंवा त्याहून वरची
- लॅनचं पोर्ट असलेला लॅपटॉप. पोर्ट नसेल तर यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर
- रिसेटच्या बारीक भोकात जाईल अशी पिन

नवीनच कनेक्शन घेत असाल तर यातलं निम्मं तुमच्याकडे नसेल. मग पायरी २ मधले प्रश्न सही करण्याआधी विचारा. तुम्ही जुन्या ग्राहकांपेक्षा चांगल्या जागी आहात, कारण सही होईपर्यंतच समोरचा माणूस उत्साहानं उत्तरं देतो.

पायरी १: कोणता डबा काय करतो ते ओळखा

आपण सगळ्यालाच ‘मोडेम’ म्हणतो, नाहीतर सगळ्यालाच ‘वायफाय’ म्हणतो. कामं मात्र दोन आहेत.

पहिलं काम बाहेरून येणाऱ्या लाइनीचा सिग्नल घरातल्या उपकरणांना समजेल असा करून देण्याचं. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर नेट असेल तर हे काम डीएसएल मोडेम करतो, टीव्हीच्या जाड गोल केबलवर असेल तर केबल मोडेम. फायबर असेल तर त्या डब्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. काचेच्या तंतूतून आलेला प्रकाश तो विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो.

दुसरं काम राउटरचं. आलेलं एक कनेक्शन घरातल्या सगळ्या मोबाइल, टीव्ही, लॅपटॉपमध्ये वाटून देणं, वायफाय पसरवणं आणि बाहेरून येणारं नको ते अडवणं.

बऱ्याचदा ही दोन्ही कामं एकाच डब्यात घालून दिलेली असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. म्हणून डबा उलटा करा आणि भिंतीतून आलेली वायर त्याला नेमकी कशी लागली आहे ते बघा.

छोटी, चपटी, टेलिफोनला असते तशी पिन असेल तर डीएसएल. स्क्रूसारखं फिरवून बसवलेलं गोल टोक आणि मधोमध एक उघडी तार असेल तर केबल. हिरवं किंवा निळं चौकोनी प्लास्टिकचं टोक आणि त्यामागे दोऱ्याएवढी बारीक वायर असेल तर फायबर. आणि लॅन केबलचीच आठ तारांची पिन थेट भिंतीतून येत असेल तर मोडेमची भानगडच नाही. लाइनीकडचं यंत्र इमारतीत कुठेतरी बसवलेलं आहे, तुम्हाला नुसता राउटर पुरतो.

फायबरच्या त्या टोकाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथं हात लावला की फसायला होतं. हिरव्या टोकाचं आतलं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरव्याच्या जागी निळं ढकललं तर ते बसतं, दिसायला सगळं ठीक दिसतं, पण दोन तोंडं एकमेकांना नीट टेकत नाहीत आणि सिग्नल पडतो. टोक काढावं लागलंच तर तोंडाला बोट लावू नका. बोटाचं तेल आणि धूळ एवढ्यानंही प्रकाश अडतो. आणि ते डोळ्यांसमोर धरून आत बघू नका. आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो बंद आहे असं वाटतं.

लाइन कोणती हे कळलं की निम्मा निर्णय झाला.

फायबरचा ओएनटी कंपनीकडूनच घ्या. घरोघरी दिसणाऱ्या जीपॉन पद्धतीत एकाच फायबरवर सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट येतात आणि ते बहुतेक वेळा ३२ किंवा ६४ घरांमध्ये वाटले जातात. कंपनीकडे डेटा पाठवताना प्रत्येक घरातला ओएनटी आपल्या पाळीलाच बोलतो. एखाद्या बिघडलेल्या किंवा न जुळणाऱ्या डब्यानं पाळी सोडून प्रकाश टाकला तर शेजारपाजारच्या घरांचंही नेट बंद पडू शकतं. म्हणून कंपनी सिरीयल नंबर नोंदवलेल्या डब्यालाच आत घेते. बाहेरून आणलेला डबा कितीही भारी असला तरी नोंद होत नाही तोवर त्याचा उपयोग नाही.

केबल मोडेम विकत घ्यायला हरकत नाही, पण कंपनीच्या मान्यताप्राप्त मॉडेलच्या यादीतलाच घ्या. इथं ‘डॉक्सिस’ नावाचं मानक चालतं. ३.० हे २००६ चं आहे, ३.१ हे २०१३ चं. आज नवा मोडेम घेताना ३.१ च्या खालचा घेऊ नका, जुना मोडेम नव्या प्लॅनला पुरा पडत नाही.

डीएसएलला एडीएसएल आणि व्हीडीएसएल असे दोन प्रकार आहेत. फक्त एडीएसएलवर चालणारा मोडेम व्हीडीएसएलच्या लाइनीवर चालत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: तांब्याच्या तारा जागोजागी काढून फायबर टाकलं जात आहे. वर्षभरात तुमच्याकडेही फायबर येणार असेल तर डीएसएल मोडेमवर पैसे घालू नका, भाड्याचाच राहू द्या.

पायरी २: कंपनीला हे प्रश्न लेखी विचारा

फोनवर मिळालेलं उत्तर पुढच्या महिन्यात कोणाच्या लक्षात नसतं. मेल करा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधल्या चॅटवर विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

१. मी माझा राउटर लावला तर बिल नेमकं किती कमी होईल? या सगळ्यातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. ‘राउटर मोफत’ म्हणणाऱ्या प्लॅनमध्ये भाडं बऱ्याचदा प्लॅनच्या दरातच धरलेलं असतं. उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर विकत घेऊन पैसे वाचणार नाहीत. घ्यायचा तर चांगल्या वायफायसाठी घ्या, बचतीसाठी नको.

२. लाइनीकडचा डबा ब्रिज मोडवर टाकून द्याल का? याचा अर्थ पायरी ६ मध्ये सांगतो.

३. लॉगिन पीपीपीओई (युझरनेम-पासवर्ड टाकून होणारं) आहे की आपोआप होतं? पीपीपीओई असेल तर युझरनेम आणि पासवर्ड, आणि लागत असेल तर व्हीलॅन नंबर (कंपनीच्या लाइनीवरचा तुमचा मार्ग ओळखायचा आकडा) मागून घ्या. हे तीन तपशील हाताशी नसले तर नवा राउटर नुसता दिवे लावून बसतो.

४. घरचा फोन किंवा टीव्ही याच डब्यातून चालतो का? चालत असेल तर डबा काढल्यावर तेही बंद पडतील. फोनची गुपितं, म्हणजे लॉगिनचे तपशील, कंपन्या सहसा बाहेर देत नाहीत.

५. डबा बिघडला तर कोणाच्या खर्चानं आणि किती दिवसांत बदलून मिळतो? वीज पडून किंवा व्होल्टेज वाढून जळाला तर?

६. कनेक्शन बंद करताना काय काय परत द्यायचं, कुठं आणि किती दिवसांत?

‘आमचाच डबा वापरावा लागेल’ असं सांगितलं तर ते खरं आहे का हे तुमच्या देशाच्या दूरसंचार नियामकाच्या नियमांत बघा. हा वाद जुना आहे. अमेरिकेत १९६८ सालच्या ‘कार्टरफोन’ निकालानं ग्राहकाला टेलिफोनच्या लाइनीवर स्वतःचं उपकरण जोडायची मोकळीक मिळाली. त्याच देशात डिसेंबर २०२० पासून, कंपनीनं न पुरवलेल्या उपकरणाचं भाडं लावायला कायद्यानं मनाई आहे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमानं ग्राहकाला आपल्या पसंतीचं उपकरण वापरायचा हक्क दिला आणि जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून लाइनीकडचा मोडेमसुद्धा स्वतःचा लावता येतो. सगळीकडे असं नाही. म्हणून नियम आधी बघून घ्या, मग भांडा.

पायरी ३: हिशेब महिन्यांत मांडा

राउटरची किंमत भागिले महिन्याचं भाडं. जे उत्तर येईल तितक्या महिन्यांत राउटरचे पैसे फिटतात. भाडं म्हणून करासकट जी रक्कम बिलावर येते तीच धरा, जाहिरातीतली नको.

समजा उत्तर १४ आलं. तुम्ही त्याच घरात तीन वर्षं राहणार आहात. म्हणजे १४ महिन्यांनंतरचे २२ महिने भाडं वाचलं. उत्तर ३४ आलं तर तीन वर्षांत जेमतेम दोन महिन्यांचं भाडं वाचतं आणि मधे अडॅप्टर जळाला तर तेही जातं. माझा स्वतःचा नियम असा: १८ च्या आत असेल तर विकत, ३० च्या पुढे असेल तर भाड्यानं. मधलं उत्तर आलं तर घरात वायफायचा त्रास किती आहे यावरून ठरवा.

यात तीन गोष्टी बहुतेक जण धरायला विसरतात.

पहिली, अनामत. परत मिळणारी असली तरी ती अडकून पडते, आणि परत मिळेल की नाही हे डबा कोणत्या अवस्थेत परत जातो यावर ठरतं.

दुसरी, वीज. राउटर चोवीस तास चालू असतो. १० वॉटचा डबा वर्षाला जवळपास ८८ युनिट खातो. कंपनीचा एकत्र डबा तसाच ठेवून त्याच्यापुढे स्वतःचा राउटर लावला तर आता दोन डबे वीज खातायत, हे धरा.

तिसरी, राउटरचं आयुष्य. यंत्र सात-आठ वर्षंही चालतं. पण ते बनवणारी कंपनी सुरक्षेचे अपडेट देणं थांबवते तेव्हाच त्याचं आयुष्य संपलं असं मी धरतो. हिशेबात चार ते पाच वर्षं धरा.

हप्त्यांवर राउटर देण्याची पद्धतही असते. यात शेवटच्या हप्त्यानंतर डबा तुमच्या नावावर होतो असं करारात लिहिलेलं हवं. माझ्या ओळखीत एका घरी हप्ते संपून वर्ष झालं तरी तीच रक्कम ‘सेवा शुल्क’ या नावानं बिलात येत होती. बिल उघडून कोणी बघितलंच नव्हतं. आणखी एक तपासा: कंपनीनं विकलेला डबा दुसऱ्या कंपनीच्या लाइनीवर चालतो का? काही डब्यांमध्ये सॉफ्टवेअरचं कुलूप असतं. कंपनी बदलली की विकत घेतलेली वस्तू शोभेची होते.

भाड्यानं घेणं शहाणपणाचं कधी? सहा-आठ महिन्यांसाठीच घर घेतलं असेल तेव्हा. वारंवार वीज पडणाऱ्या भागात राहत असाल आणि जळालेला डबा कंपनी फुकट बदलून देत असेल तेव्हा. आणि घरात फक्त वयस्क माणसं असतील तेव्हाही. एका फोनवर कंपनीनं सगळं बघावं याची किंमत असते आणि ती द्यायला काही हरकत नाही. स्वतःचा राउटर लावला की बिघाडाच्या वेळी ‘आमची लाइन ठीक आहे, तुमचा राउटर बघा’ हे उत्तर ठरलेलं. ते ऐकून पुढची तपासणी करणारं घरात कोणी नसेल तर थोडी बचत आणि मोठा मनस्ताप.

पायरी ४: दोष खरंच राउटरचा आहे का ते तपासा

विकत घ्यायला निघालेल्यांपैकी अनेकांना मुळात नवा राउटर लागतच नाही. एक संध्याकाळ द्या आणि हे करा.

लॅपटॉप लॅन केबलनं थेट राउटरला जोडा, वायफाय बंद करा, स्पीड मोजा. मग केबल काढून त्याच जागी वायफायवर मोजा. मग ज्या खोलीत त्रास होतो तिथं मोजा. तीनही आकडे लिहून ठेवा.

वायरवरच स्पीड कमी आला तर दोष लाइनीत आहे, नवा राउटर घेऊन फरक पडणार नाही. फायबर असेल तर ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर आलेल्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात दिसते. जीपॉनला ती साधारण उणे ८ ते उणे २७ च्या मधे असावी लागते. उणे २५ च्याही खाली, म्हणजे हद्दीच्या जवळ गेली असेल तर फोटो काढून तक्रार करा. कुठंतरी वायर जास्त वाकली आहे किंवा जोड खराब आहे. डब्यावर ‘लॉस’चा दिवा लाल झाला असेल तर सिग्नलच येत नाही, मग सेटिंगमध्ये हात घालू नका.

वायरवर ठीक आणि वायफायवर वाईट असेल तर आधी जागा बदला. आमच्याकडे राउटर दारामागच्या फळीवर होता आणि मधे लोखंडी कपाट. आतल्या खोलीत कसेबसे ८ एमबीपीएस मिळायचे. राउटर कपाटाच्या वर, भिंतीपासून हातभर पुढे आणून ठेवला आणि तिथंच ६० मिळाले. डबा तोच, प्लॅन तोच. लोखंड, आरसे, पाण्याची टाकी, जाड काँक्रीट यांच्यामागे वायफाय मरतं. जमिनीवर आणि टीव्हीच्या मागे तर राउटर कधीच ठेवू नका.

वायफायचे दोन मुख्य पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती ओलांडतो, पण हळू असतो आणि शेजाऱ्यांच्या गर्दीत सापडतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींनंतर थकतो. लांबच्या खोलीत २.४ वर जाऊन बघा. गर्दी असेल तर २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर ठेवा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

पायरी ५: विकत घेताना खोक्यावर काय वाचायचं

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यानं फसू नका. ‘एसी १२००’ (एसी हे वायफायच्या पाचव्या पिढीचं नाव) म्हणजे २.४ च्या पट्ट्यावर ३०० आणि ५ च्या पट्ट्यावर ८६७ एमबीपीएस यांची कागदावरची बेरीज. एक मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज कोणाच्याच हाती येत नाही.

मोठा सापळा पोर्टचा आहे. खोक्यावर १२०० लिहिलेलं असतं आणि मागची पोर्ट फक्त १०० एमबीपीएसची असतात. नेट आत येतं ते त्याच पोर्टमधून. २०० चा प्लॅन घ्या नाहीतर ५०० चा, तुम्हाला ९४-९५ च्या वर काही दिसणार नाही. ‘गिगाबिट वॅन’ (नेट आत येतं ते पोर्ट) आणि ‘गिगाबिट लॅन’ (घरातली उपकरणं जोडायची पोर्ट) हे शब्द शोधा. नुसतं ‘फास्ट इथरनेट’ असेल तर तो १०० चाच आहे.

वायफायची पिढी: वायफाय ४ हे २००९ चं, वायफाय ५ हे २०१३ चं, वायफाय ६ ची प्रमाणपत्रं २०१९ पासून, वायफाय ७ ची जानेवारी २०२४ पासून. बहुतेक घरांना वायफाय ६ पुरतं. वायफाय ७ चा फायदा मिळायला मोबाइल-लॅपटॉपही तसेच लागतात.

मग सुरक्षा. ‘डब्ल्यूपीए ३’ (वायफाय सुरक्षित ठेवणारं मानक) आहे का बघा. हे २०१८ मध्ये आलं. आणि अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ही मुदत जाहीर करणं उत्पादकांना बंधनकारक आहे, तेव्हा तिथं विकल्या जाणाऱ्या मॉडेलची मुदत सापडू शकते. यात मी कंजूषी करू देणार नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमनं कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेऊन मोठमोठ्या सेवा पाडल्या. २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ सापडला तेव्हा ५४ देशांतली सुमारे ५ लाख उपकरणं त्याच्या तावडीत होती. त्यातले बहुतेक असेच घरातले, छोट्या ऑफिसातले डबे होते.

घर मोठं असेल तर एक महागडा राउटर घेण्यापेक्षा दोन-तीन डब्यांची मेश पद्धत बरी, त्यात सगळे डबे मिळून घरभर एकच वायफाय देतात. डबे एकमेकांना लॅन केबलनं जोडता आले तर उत्तमच.

वापरलेला राउटर घेतला तर चालतो, अपडेट मिळत असतील आणि रिसेट करून घेतला असेल तर. वापरलेला मोडेम किंवा ओएनटी घेऊ नका. तो आधीच्या माणसाच्या खात्यावर नोंदलेला असू शकतो, किंवा कधीच परत न केलेला, कंपनीच्या मालकीचा असू शकतो.

पायरी ६: नवा राउटर जोडताना

जुना डबा लगेच उचकटू नका. आधी त्याच्या सेटिंगच्या पानावर जा. पत्ता लेबलवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तिथल्या प्रत्येक पानाचा फोटो काढा.

कंपनीचा एकत्र डबा असेल आणि त्यापुढे तुमचा राउटर लावला तर दोन राउटर एकामागे एक होतात. साध्या वापरात हे जाणवत नाही. ऑनलाइन गेम, बाहेरून बघायचे कॅमेरे, ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) यात अडतं. उपाय दोन. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो फक्त लाइन पुढे देतो आणि लॉगिनसकट राउटरचं सगळं काम तुमच्या डब्याकडे येतं. कंपनी ते करत नसेल तर तुमचा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर (फक्त वायफाय देण्यापुरता) ठेवा आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद करा.

काही कंपन्या जुन्या राउटरचा मॅक अ‍ॅड्रेस धरून बसतात. सगळं बरोबर भरूनही नेट येत नसेल तर नव्या राउटरचा मॅक कंपनीला कळवा.

घरातले कॅमेरे बाहेरून बघता यावेत एवढ्यासाठीच राउटर घेत असाल तर थांबा. आत्ताच्या राउटरच्या पानावर वॅनचा आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर कंपनी अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरते आहे. राउटर कितीही बदला, बाहेरून आत यायची वाट (तिलाही ‘पोर्ट’च म्हणतात) उघडणार नाही. कंपनीकडे वेगळा पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा बाहेरचा पत्ता मागा.

नेट सुरू झालं की लगेच: राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदला, वायफायचा वेगळा ठेवा, अपडेट करा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वायफायला जोडायची सोय) बंद करा. त्या आठ आकडी पिनमधली कमजोरी २०११ मध्येच उघड झाली आहे, तरी अजून अनेक डब्यांत ती सोय चालू असते.

पायरी ७: भाड्याचा डबा घेताना आणि परत देताना

भाड्यानंच ठेवायचं ठरलं तर डबा हातात येताच फोटो काढा: चारी बाजू, लेबल, अडॅप्टर, सोबतच्या केबली. अडॅप्टरवर कागदी पट्टी चिकटवून ‘नेटचा’ असं लिहा. घरात १२ व्होल्टचे चार काळे अडॅप्टर एकसारखे दिसतात आणि चार वर्षांनी कोणता कशाचा हे कोणालाच सांगता येत नाही. मी तिथंच अडकलो होतो. चुकून ९ व्होल्टच्या उपकरणाला १२ चा लावला तर ते उपकरणही जातं.

भाड्याच्या डब्याची सेटिंग कंपनी लांबूनही बदलू शकते. ‘टीआर-०६९’ नावाची पद्धत त्यासाठीच आहे. अपडेट आपोआप येतात हा फायदा. पण तुम्ही बदललेल्या गोष्टी एखाद्या सकाळी मूळपदावर आलेल्या दिसल्या तर दचकू नका.

परत करताना आधी बंद करण्याचा अर्ज लेखी द्या आणि त्याचा क्रमांक घ्या. मग राउटर रिसेट करा: वीज चालू असताना बारीक भोकात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, दिवे एकदम विझून पुन्हा लागतील. असं केलं नाही तर वायफायचं नाव, पासवर्ड, लॉगिन सगळं त्यात तसंच राहतं. ओएनटी मात्र कंपनीनं सांगितल्याशिवाय रिसेट करू नका, त्यातली नोंद पुसली तर शेवटच्या दिवसाआधीच नेट जाईल.

डबा घ्यायला घरी माणूस येणार असेल तरी पावतीशिवाय हातात देऊ नका. पावतीवर सिरीयल नंबर हवा, ‘अडॅप्टरसह’ असं लिहिलेलं हवं, तारीख आणि सही हवी. ‘अ‍ॅपमध्ये दिसेल’ म्हणाला तर अ‍ॅपमध्ये दिसेपर्यंत त्याला थांबवा आणि स्क्रीनशॉट घ्या. कुरियरनं पाठवणार असाल तर पॅक करण्याआधी आणि नंतर फोटो काढा, आणि पोचल्याची नोंद जपून ठेवा.

यानंतर एक बिल येतं. त्यात भाडं बंद झालं आहे का, ते फक्त परत केल्याच्या तारखेपर्यंतच लावलं आहे का, आणि अनामत वळती झाली आहे का, या तीन ओळी बघा. अनामत खात्यात जमा होईपर्यंत पावती फेकू नका.